शिकागो १८९३ प्रदर्शनाचं पदक: हिरवी भुकटी येतेय, उजळावं का? अस्सल आहे हे कसं तपासायचं?

मृण्मयी_कोलशेत

नमस्कार मंडळी. सासरच्या कपाटात एक मोठं गोल पदक आहे. घरात पिढ्यानपिढ्या त्याला 'शिकागोचं सुवर्णपदक' म्हणतात. आधी वर्णन देते.

व्यास साधारण ७६ मिमी, पट्टीने मोजलाय. रंग गडद तपकिरी. एका बाजूला किनाऱ्यावर पाऊल टाकणारा, हात पसरलेला कोलंबस, त्याच्यामागे माणसं, वर खांब आणि तीन गलबतं. दुसऱ्या बाजूला वर पृथ्वीचा गोल, दोन्हीकडे स्त्री-आकृत्या, एकीच्या हातात तुतारी. मधल्या फलकावर प्रदर्शनाचं नाव, कोलंबसाच्या आगमनाला चारशे वर्षं झाल्याच्या स्मरणार्थ असा मजकूर, रोमन आकड्यांत वर्षं, आणि 'टू' लिहून पुढे घरातल्या पूर्वजांचं नाव. नाव इथे देत नाही. सोबत अॅल्युमिनियमची डबी आहे. आतलं कापड विरलंय आणि डबीच्या आत पांढरी पूड दिसते.

नावाच्या अक्षरांमध्ये आणि कडेला दोन-तीन जागी फिकट हिरवी भुकटी आहे. पावसाळ्यात वाढते. घर खाडीपासून जवळ आहे.

घरात दोन मतं आहेत. एक, चिंच-मिठाने घासून लखलखीत करावं. दुसरं, सोनं झिजलंय तर सराफाकडून पॉलिश करून सोन्याचं पाणी चढवून घ्यावं. दोन्हींपैकी काही करण्याआधी इथे विचारतेय. हे सोन्याचं होतं का? अस्सल आहे की ओतीव नक्कल? आणि हिरव्याचं काय करायचं?


ठसा_आणि_कडा (ठाणे पूर्व)

मृण्मयीताई, दोन्ही बेत थांबवा. चिंच नाही, मीठ नाही, सराफाचं पॉलिशही नाही. विचारून करताय हे फार बरं झालं, कारण या पदकाचा तपकिरी थर एकदा गेला की परत आणता येत नाही.

सोन्याचा प्रश्न आधी. या पदकावर सोनं कधीच नव्हतं. शिकागोच्या 'वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन'मध्ये सुवर्ण-रौप्य-कांस्य अशी उतरंड ठेवलीच नव्हती. जॉन बॉइड थॅचर यांच्या अध्यक्षतेखालच्या पुरस्कार समितीने एकच दर्जा ठरवला. वस्तू त्या पातळीला उतरली की पदक आणि प्रशस्तिपत्र. स्पर्धकांमध्ये पहिला-दुसरा लावायचा नाही. म्हणून सगळ्यांना एकाच धातूचं पदक मिळालं, ब्राँझचं. आपल्याकडे राजा रविवर्मा यांच्या शिकागोच्या यशाबद्दलही 'सुवर्णपदक' हा शब्द सर्रास छापला जातो. त्यांची दहा चित्रं तिथे होती आणि गौरवही झाला, पण शिकागोचं पदक ब्राँझचंच. तुमच्या पूर्वजांचा मान त्याने जराही कमी होत नाही. तिथे यापेक्षा वरचं पदकच नव्हतं.

म्हणजे आत्ता दिसतो तो गडद तपकिरी रंग ही झीज नाही, मळही नाही. तो पदक तयार करतानाच मुद्दाम दिलेला आहे. त्यावर सोन्याचं पाणी चढवलं तर पदक 'मूळ रूपात' येणार नाही, कधी नव्हतं अशा रूपात जाईल. शिवाय मुलामा देण्याआधी सराफ पृष्ठभाग आम्लात बुडवतो आणि चाकावर घासतो. तिथेच चेहऱ्यांची नाकं, बोटं आणि अक्षरांच्या धारा बोथट होतात.

तुमचं वर्णन अधिकृत पुरस्कार-पदकाशी जुळतं. दर्शनी बाजू ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची. मागच्या बाजूसाठीही त्यांनी एक रेखाटन केलं होतं, त्यात एक नग्न मुलगा होता. त्यावर गदारोळ झाला, ते बाद झालं आणि मागची बाजू अमेरिकी टांकसाळीचे मुख्य ठसेकार चार्ल्स बार्बर यांनी केली. दोन्ही बाजूंना ज्याची त्याची सही बारीक अक्षरांत आहे, भिंगाने शोधा. पदकं कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीने पाडली, म्हणजे ठशाने दाबून बनवली, आणि ती वाटायला १८९६ उजाडलं. त्यामुळे घरच्या कागदात पदक आल्याची तारीख प्रदर्शनानंतर दोन-तीन वर्षांची निघाली तर ते संशयास्पद नाही, उलट जुळणारं आहे.

या प्रदर्शनाच्या नावाने बाजारात बरंच काही फिरतं. १८९२-९३ चे चांदीचे स्मारक अर्धे डॉलर आहेत (३०.६ मिमी, १२.५ ग्रॅम). अॅल्युमिनियम आणि पांढऱ्या धातूची, प्रेक्षकांनी आठवण म्हणून विकत घेतलेली छोटी पदकं आहेत. ती पुरस्कार नव्हेत. तुमचा आकार आणि 'टू'पुढचं नाव पाहता तुमचं त्यातलं नाही.

आता अस्सल-नक्कल. घरी करता येईल अशा क्रमाने सांगतो.

पहिलं, व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या, जबड्यांच्या मोजपट्टीने) व्यास तीन ठिकाणी मोजा. पट्टी चालणार नाही, आपल्याला दशांश मिलिमीटर हवेत. व्हर्नियरचे धातूचे जबडे कडेवर घासू नका, मधे पातळ कागद ठेवा आणि त्याची जाडी वजा करा. अस्सल पदकावरून साचा घेऊन ब्राँझ ओतलं तर थंड होताना ते दीड-दोन टक्के आकसतं. ७६ मिमीच्या पदकात हा फरक एक ते दीड मिलिमीटरचा होतो. त्यामुळे ७४.५ किंवा ७५ आलं तर शंका घ्यायची. ७६.२ आणि ७६.५ मधला फरक मात्र सोडून द्या.

दुसरं, कडा. दहापट भिंगाखाली संपूर्ण कडा फिरवून बघा. ठशाने पाडलेल्या पदकाची कडा सलग आणि घट्ट असते. ओतीव पदकाच्या कडेला कानशीचे आडवे ओरखडे असतात, कारण साच्याचा जोड घासून काढावा लागतो. आणि जर कडेच्या बरोबर मधून गोलभर केसाएवढी रेघ फिरली असेल तर ते विद्युतविलेपनाने केलेलं, दोन तांब्याची कवचं जोडून आत शिसं भरलेलं असण्याची शक्यता मोठी. ही नक्कल चेहऱ्यांच्या तपशिलात अस्सलच वाटते, म्हणून लोक फसतात. ती आकसतही नाही, म्हणजे व्हर्नियरही तिला पकडत नाही. तिला पकडते ती कडा आणि घनता.

तिसरं, नाव. शिकागोच्या पदकावरचं नाव कोरलेलं नसतं, उठावाचं असतं. प्रत्येक विजेत्यासाठी नावाची वेगळी पट्टी ठशात बसवून मग पदक पाडलं गेलं. म्हणून नावाभोवती पट्टीच्या कडेची पुसट रेघ दिसू शकते. ती चांगलीच खूण समजा. नाव खोलगट कोरलेलं असेल तर ते कुणीतरी नंतर घातलेलं आहे. उठावाच्या अक्षरांची बाजू पदकाच्या पृष्ठभागाला मिळते तिथला कोपरा भिंगाखाली धारदार दिसला पाहिजे. ओतीव नकलेत तो कोपरा गोलसर होतो आणि सपाट जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात.

चौथं, घनता. पाण्याने भरलेलं भांडं पेलणारा, ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. पदक कोरडं तोलून आकडा लिहा. मग काट्यावर रुंद काचेचं भांडं ठेवा, त्यात पदक उभं बुडेल एवढं डिस्टिल्ड पाणी घाला आणि काटा शून्य करा. पदक नायलॉनच्या दोऱ्याने वरून टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तो विस्थापित पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. ब्राँझ ८.७ ते ८.९ च्या दरम्यान येतं, जस्ताचं मिश्रण ७ च्या आसपास, आत शिसं असेल तर ९ च्या पुढे. इथे सगळ्यात जास्त घोटाळा बुडबुड्यांचा होतो. उठावाच्या खाचांत हवा अडकते, विस्थापन जास्त दिसतं आणि घनता कमी येते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि दोरा हळूच हलवून बुडबुडे सोडवा. पण हे चौथं काम हिरव्या भुकटीचा निकाल लागल्यावर करा, आधी नको.

सराफाकडे कॅरेट मीटर असेल तर क्ष-किरणाने धातू बघून घ्यायला हरकत नाही, त्याने इजा होत नाही. ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं हे लक्षात ठेवा. आणि समोर उभं राहून बघा, कारण कसोटीवर घासून किंवा कडेला कानस मारून बघण्याची सराफाला सवय असते. ते होऊ देऊ नका.


ऐरोली_रसायन

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त हिरव्याबद्दल लिहितो, आणि जरा सविस्तर, कारण तुमच्या पदकाला खरा धोका तोच आहे.

हिरवं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बांबूच्या दातकोरणीचं टोक हलकेच लावून बघा. मेणासारखं चिकट, गडद हिरवं निघालं तर ती हाताच्या तेलाची किंवा जुन्या ग्रीसची तांब्याशी झालेली साबणासारखी संयुगं आहेत, किंवा पीव्हीसीच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) पिशवीत पदक राहिल्याचा परिणाम. हे दिसायला घाण, पण शुद्ध असिटोनने निघतं. कोरडी, फिकट, पिठासारखी हिरवी भुकटी निघाली आणि तिच्याखाली छोटा खड्डा दिसला, तर तो ब्राँझ डिसीज. पावसाळ्यात वाढते म्हणताय, त्यावरून मला दुसऱ्याचीच शंका आहे.

ब्राँझ डिसीजमध्ये धातूच्या आत कुठेतरी क्लोराइड बसलेलं असतं. घामातून आलेलं, खाऱ्या हवेतून आलेलं किंवा पूर्वी कुणी मिठाने घासलं असेल तर त्यातून. ते तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड होतं. कोरड्या हवेत ते गप्प बसतं. हवेत ओलावा आला की ते पाणी आणि ऑक्सिजन घेऊन हिरवं क्षार बनतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. हे आम्ल पुन्हा ताजं तांबं खातं, पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होतं. म्हणजे बाहेरून नवं क्लोराइड आलं नाही तरी चक्र चालू राहतं. म्हणूनच हिरवं नुसतं पुसून उपयोग नसतो, ते परत येतं.

आता चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ काय करतं ते बघा. आम्ल तपकिरी थर विरघळवतं आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर मिठातलं क्लोराइड नेऊन बसवतं. पदक दोन दिवस चमकतं आणि पुढच्या पावसाळ्यात सगळीकडून हिरवं होतं. पूजेच्या तांब्याला आपण दर आठवड्याला घासतो म्हणून तिथे हे दिसत नाही. पदकाला तसं घासत राहिलं तर दहा वर्षांत कोलंबसाचा चेहरा राहणार नाही.

उपायाचा गाभा एकच, कोरडेपणा. सापेक्ष आर्द्रता ४२ टक्क्यांच्या खाली राहिली तर ही क्रिया जवळपास थांबते. ५५ च्या वर ती वेग घेते. ठाण्यात जुलैमध्ये घरातली हवा ८० च्या पुढे असते, त्यामुळे उघड्या कपाटात काहीही लावून ठेवलं तरी भागणार नाही.

करायचं ते असं. नायट्राइलचे हातमोजे घाला (सुती नको, त्यातून पदक निसटतं). पांढऱ्या कागदावर पदक ठेवा. भिंगाखाली दातकोरणीच्या टोकाने फक्त सैल भुकटी उकरा आणि मऊ कोरड्या ब्रशने झाडा. टाचणी, सुई, ब्लेड, तारेचा ब्रश यांपैकी काही नाही. तपकिरी थर दातकोरणीखाली येतोय असं वाटलं की थांबा. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातला ओलावा तिथेच बसतो. कागदावर पडलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपून टाका.

मग शुद्ध असिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिटही नाही, तेही थर मागे ठेवू शकतं. काचेच्या वाडग्यात पदक बुडेल एवढं घ्या, पाच मिनिटं ठेवा, मऊ ब्रश फिरवा, बाहेर काढून टिश्यूवर उभं ठेवा, पुसू नका. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवापुढची निरांजनसुद्धा बंद. असिटोनची वाफ फार सहज पेट घेते. प्लॅस्टिकचं भांडं वापरू नका, काही प्लॅस्टिकं त्यात विरघळतात आणि तो चिकटा पदकावर बसतो.

हे झाल्यावर पदक कोरड्या डब्यात, खाली स्वच्छ पांढरा कागद घालून, महिनाभर ठेवा. दर आठवड्याला कागद आणि त्याच जागा भिंगाने बघा, फोटो काढा. नवी भुकटी पडली नाही तर प्रश्न आटोक्यात आहे. पडली तर घरचे उपाय थांबवून संवर्धकाकडे (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा.

इंटरनेटवर बेन्झोट्रायाझोलचं तीन टक्के द्रावण आणि सोडियम सेस्क्विकार्बोनेटमध्ये आठवडेच्या आठवडे बुडवणं, हे दोन उपाय वाचायला मिळतील. दोन्ही खरे आहेत, पण घरी करू नका. पहिल्यातलं रसायन त्वचेवर आणि श्वासात जाऊ देण्यासारखं नाही. दुसऱ्याने उत्खननातल्या वस्तू वाचतात, पण पदकाचा मूळ रंग बदलू शकतो.


मृण्मयी_कोलशेत

दोघांचेही मनापासून आभार. घरातली चिंच-मोहीम रद्द झाली.

मोजमापं: व्यास तीन ठिकाणी ७६.३, ७६.४, ७६.३ मिमी. कडेला रेघ किंवा कानशीचे ओरखडे नाहीत. नाव उठावाचं आहे आणि भोवती अगदी पुसट चौकट दिसते. दोन्ही सह्या सापडल्या. भुकटी कोरडी, पिठासारखी आहे, खाली बारीक खड्डे आहेत. सांगितल्याप्रमाणे काढली आणि असिटोन करून ठेवलंय. कोरडं वजन २१४ ग्रॅम. पाण्यातलं अजून केलं नाही.

डब्याबद्दल सांगाल का? मूळ डबीतच ठेवू का? आणि साफ केल्यावर मेण किंवा लॅकर (पारदर्शक रोगण) लावायचं असतं का?


ठसा_आणि_कडा (ठाणे पूर्व)

मोजमापं छान आली. व्यास, कडा, नाव, सह्या सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. पाण्यात साधारण २४.४ च्या आसपास आकडा आला तर घनता ८.७७ पडते. २४.० ते २४.६ मध्ये काहीही आलं तरी समाधान माना. पण महिनाभराची पाहणी झाल्याशिवाय बुडवू नका, आणि बुडवल्यावर लगेच असिटोनने पाणी काढून टाका.


ऐरोली_रसायन

मूळ डबीत ठेवू नका. तिच्यातली पांढरी पूड म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. अस्तर विरल्यामुळे ब्राँझ थेट अॅल्युमिनियमला टेकतं. दोन वेगळे धातू आणि मधे दमट हवा एकत्र आली की अॅल्युमिनियम झिजतं. पदकापेक्षा डबीचंच नुकसान जास्त होतंय. डबी मात्र जपून ठेवा. ती मूळ डबी आहे, आणि डबीसह पदक ही वेगळीच गोष्ट. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा, अस्तर बदलू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा.

डबा: चार बाजूंनी क्लिप लागणारा, रबरी पट्टीचा, पॉलिप्रोपिलीनचा (तळाला त्रिकोणात ५ असतो), दोन लिटरचा. संग्रहालयात सिलिका जेलसाठी (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसाठी) घनमीटरला २० किलो असा हिशेब धरतात, म्हणजे लिटरला २० ग्रॅम. दोन लिटरला ४० ग्रॅम पुरावं, पण घरचा डबा संग्रहालयाच्या कपाटाएवढा घट्ट नसतो, म्हणून १०० ग्रॅम घाला. नारिंगी रंगाची जेल घ्या. निळी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला बरं नाही. जेल कापडी पिशवीत बांधा, सुटे दाणे पदकाला लागू देऊ नका. रंग बदलला की ओटीजीमध्ये ताटलीत पसरून ११० ते १२० अंशांवर दोन तास, मग झाकणाच्या डब्यात गार करा आणि परत वापरा. गरम जेल पदकाशेजारी ठेवू नका.

डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) टाका, आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मिठाचं पाणी होऊ देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट झिपच्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ८० दाखवत असेल तर ते पाच जास्त सांगतं, तेवढे वजा करत जा. ही परीक्षा पदकापासून दूर, दुसऱ्या खोलीत. मिठाचा कणही डब्यात जाता कामा नये.

पदकाखाली आम्लरहित टिश्यू किंवा पॉलिएस्टरचा पाउच. मखमल, लोकर, वर्तमानपत्र, रबरबँड, पीव्हीसीची मऊ पिशवी आणि डांबराच्या गोळ्या यांतलं काहीही जवळ नको. रबरात आणि लोकरीत गंधक असतं, पीव्हीसी जुनं झालं की आम्ल सोडतं. घरात चांदीची पदकं असतील तर तीही अशाच डब्यात घाला. खाडीच्या चिखलातून ओहोटीला जो वायू येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि चांदी त्यानेच काळी पडते. इकडे ऐरोली-रबाळेला तोच त्रास आहे.

मेण आत्ता नको. ब्राँझ डिसीज चालू असताना मेण लावलं तर आतलं क्लोराइड आत राहतं, ओलावा मेणातून हळूहळू जातोच आणि वरून काही दिसत नाही. वर्षभर भुकटी आली नाही तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, तांदळाच्या दाण्याएवढं, मऊ सुती कापडावर घेऊन अगदी पातळ लावायचं आणि काही मिनिटांनी हलक्या हाताने पुसायचं.


धातुकाम_कळवा

लॅकरबद्दल मी थोडा वेगळा विचार मांडतो. पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक अॅक्रिलिक राळ) असिटोनमध्ये विरघळवून पातळ थर दिला तर तो मेणापेक्षा जास्त टिकतो, आणि पुढे असिटोननेच काढता येतो. ज्यांच्याकडे डब्याची निगा रोज होणार नाही, पदक भिंतीवर लावायचं आहे, त्यांच्यासाठी तो विचार करण्यासारखा आहे.


ठसा_आणि_कडा (ठाणे पूर्व)

भिंतीवर लावायच्या वस्तूसाठी मान्य. पण घरी ब्रशने दिलेला लॅकर उठावाच्या खाचांत साचतो, अक्षरं भरल्यासारखी दिसतात, आणि आपल्या दमट हवेत घाईने लावला तर दुधाळ होतो. असिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर उतरतं म्हणून तसं होतं. लावायचाच तर कोरड्या थंडीत आणि संवर्धकाच्या हातून. मृण्मयीताईंच्या पदकाला माझं मत डब्याचंच.

संवर्धकाची गरज लागली तर मुंबईत फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धन केंद्र आहे. बाहेरच्या वस्तूंबद्दल आधी लिहून विचारा, फोटो आणि मोजमापं सोबत द्या. पदक ट्रेनने नेताना डबा जेलसकट न्या.


सचिन_नेरूळ

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे पॅरिस १९०० चं एक पदक आलंय, शिल्पकार शाप्लॅं यांची सही आहे, विजेत्याच्या नावाची जागा कोरी. कडेवर शिंगासारखी खूण आणि 'ब्राँझ' असा फ्रेंच शब्द. हे अस्सल समजायचं का? विकणारा 'सुवर्ण' म्हणत होता.


ठसा_आणि_कडा (ठाणे पूर्व)

सचिन, फ्रेंच पदकांचं बरं असतं, कडाच बोलते. पॅरिसच्या टांकसाळीने कडेवर मारायच्या खुणा काळानुसार बदलल्या. १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी, आणि १८८० पासून फळांनी भरलेलं शिंग, जे तुम्हाला दिसतंय. धातूचं नाव खुणेशेजारीच असतं. कडेवर 'ब्राँझ' असेल तर विकणाऱ्याचं 'सुवर्ण' तिथेच संपलं. वर मुलामा असला तरी धातू ब्राँझच.

१९०० च्या पदकावर शिंग असणं बरोबर आहे. पण शिंग आजही वापरात आहे आणि टांकसाळ जुन्या ठशांवरून नंतरही पदकं पाडते, म्हणून नुसत्या शिंगावर जाऊ नका. खुणेनंतर कडेवर अलीकडचं वर्ष छापलंय का ते बघा. छापलं असेल तर ते पुनर्मुद्रण आहे. ती बनावट वस्तू नाही, पण १९०० सालची वस्तूही नाही, आणि किंमत त्याप्रमाणे द्यायची. याच नियमाने १८५५ च्या पदकावर हाताऐवजी शिंग दिसलं तर ते १८८० नंतर पाडलेलं, हे न विचारता कळतं.

कोरी जागा म्हणजे पदक कुणाला दिलं गेल्याचा पुरावा नाही. संग्राहक नाव असलेल्याला जास्त मोल देतात, आणि म्हणूनच कोऱ्या जागेत आज नाव कोरून विकण्याचे प्रकार होतात. जुन्या कोरीव अक्षरांच्या खाचेतही पदकाचाच काळवंडलेला रंग असतो. ताज्या कोरीव अक्षरांत भिंगाखाली तांबूस चमक दिसते.

नाव कुठे शोधायचं ते प्रदर्शनागणिक बदलतं. लंडन १८५१ च्या बक्षीस-पदकावर आणि लंडन १८६२ च्या पदकावर ते कडेवर असतं, वर्गाच्या क्रमांकासह. १८५१ ला बक्षीस-पदकाशिवाय प्रत्येक प्रदर्शकाला दिलेलं ४५ मिमीचं लहान पदकही आहे, ते बक्षीस नाही. लिलावांच्या यादीत या दोघांची गल्लत नेहमी होते.


दप्तर_पाचपाखाडी

कागदांबद्दल दोन गोष्टी राहिल्यात.

मृण्मयीताई, शिकागोच्या पदकाबरोबर प्रशस्तिपत्र यायचं. विल लो यांनी चितारलेलं, मोठं, कोरीव छपाईचं. पुरस्कार नेमका कशासाठी दिला ते परीक्षकांचं वाक्य त्याच्यावर असतं, पदकावर नसतं. घरात गुंडाळी, फ्रेम, जुन्या ट्रंकेचा तळ हे सगळं बघा. सापडलं तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, गुंडाळी जबरदस्तीने उलगडू नका. कडक झालेला कागद घडीवर फुटतो. पदकाच्या डब्यातही ठेवू नका. पदकाला ४२ टक्क्यांखालची हवा लागते, जुना कागद तिथे ठिसूळ होतो. त्याला ५० च्या आसपास बरी.

प्रशस्तिपत्र नसेल तर प्रदर्शनाच्या अधिकृत याद्या आणि अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात मिळतात. शोधताना आडनावाचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाका, आणि व्यक्तीच्या नावाने नाही सापडलं तर गाव, संस्थान किंवा वस्तूच्या प्रकाराने शोधा. पदकावर जसं स्पेलिंग आहे तसं आधी टाका. ते बहुधा यादीवरूनच घेतलेलं असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तुमचं पदक ती मर्यादा कधीच ओलांडून गेलंय. मालकी तुमचीच राहते, घरात ठेवायला अडचण नाही. पण पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्यात परदेशी लिलावगृहाकडे किंवा प्रमाणपत्रासाठी कुरियर करणंही आलं. शिक्षेत तुरुंगवासाची तरतूद आहे. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा कधी विकायचं ठरलं तर आधी समोरच्याचा परवाना बघा. सचिन, तुमचं १९०० चंही यात येतं.

आत्ता एवढं कराच: दोन्ही बाजू, कडा आणि डबी यांचे फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पदकाच्या पातळीला, जेमतेम दहा-पंधरा अंशांवर धरा, फ्लॅश बंद. उठावाच्या सावल्या पडल्या की बारीक सह्यासुद्धा वाचता येतात. वजन, व्यास, तारीख एका कागदावर लिहून फोटोंसोबत दोन जागी ठेवा.


मृण्मयी_कोलशेत

डबा, नारिंगी जेल आणि हायग्रोमीटर आणला. मिठाच्या परीक्षेत यंत्र ७९ दाखवत होतं, म्हणजे चार जास्त. आता डब्यात ते ४१ दाखवतंय, खरं धरलं तर ३७. खाली पांढरा कागद आहे. प्रशस्तिपत्राचा शोध सासूबाईंनी हाती घेतलाय. एकच शंका, पावसाळ्यात दर आठवड्याला बघायला डबा उघडला की आर्द्रता चढणार ना?


ऐरोली_रसायन

३७ उत्तम. उघडू नका, पारदर्शक डबा असेल तर बाहेरूनच भिंग लावून कागद बघा. उघडायचंच झालं तर एसी तासभर चालू असलेल्या खोलीत, आणि मिनिटाच्या आत बंद. झाकण लावल्यावर सहा तासांत आकडा पुन्हा ४२ च्या खाली आला पाहिजे. तेवढ्यात आला नाही तर जेल भिजलेली आहे किंवा रबरी पट्टी नीट बसलेली नाही. आधी पट्टीत टिश्यूचा तुकडा अडकलाय का ते बघा, बहुतेक वेळा तेच निघतं.